'बदल' कुणी म्हणायचं?

आमच्या भावोजींचा आवाज मूळचा बसमधला. कार्दित्सा शहराला जाणारी गाडी सकाळी आमच्या पाल्योमिलो गावच्या चौकातून सुटायची, तेव्हा कंडक्टर म्हणून स्तेर्गियोस भावोजी मागच्या दारात उभे राहून थांब्यांची नावं अशी पुकारायचे, की ज्याला कुठंही जायचं नाही त्यालाही वाटावं, चढून बघावं एकदा. गाडीत कोंबड्या, कापसाची बोचकी, भांडणाऱ्या विहिणी, आणि इंजिनाची घरघर. त्या सगळ्याच्या वर आवाज ठेवायची त्यांना सवय झाली होती. त्यामुळे गावाच्या फुटबॉल टीमचा सामना पंचायतीच्या कर्ण्यावरून सांगायचं ठरलं, तेव्हा दुसऱ्या कुणाचं नावच निघालं नाही.

तो कर्णा चौकातल्या खांबावर होता. एरवी त्यातून मासेवाल्याची गाडी आल्याचं कळायचं, कुणाची शेळी सापडल्याचं कळायचं. पण रविवारी सामना असला की शाळेमागच्या मैदानावरून वायर ओढली जायची आणि भावोजींचा आवाज चौकात यायचा. ज्यांचे गुडघे गेले होते ते म्हातारे आणि ज्यांच्या चुलीवर भांडं होतं त्या आम्ही बायका, सगळ्यांचा सामना कानातून चालायचा. मला ऑफसाइड काय ते अजून कळत नाही, पण त्या दुपारी चुलीवरची माझी पिटा रोटी हमखास करपायची.

खांबाच्या एका अंगाला आखिलेआसचं कॉफीघर, दुसऱ्या अंगाला कित्सोसचं. आखिलेआसच्या खुर्च्या निळ्या, कित्सोसच्या हिरव्या, आणि रंगाचा डबा कुणी चुकून आणला नव्हता. निळ्या पक्षाचा माणूस तहानेनं मेला असता, पण हिरव्या खुर्चीवर बसून पाणी प्यायला नसता. गावात एकच लाल होता, चांभार. तो बिचारा कारंज्याच्या पायरीवर बसून घरून आणलेली कॉफी प्यायचा.

भावोजी मात्र सकाळची कॉफी एकीकडे प्यायचे आणि संध्याकाळची दुसरीकडे. पुढच्या आठवड्यात उलट. सकाळच्या कॉफीला जास्त मान की संध्याकाळच्या, असा वाद कुणी काढू नये म्हणून ही खबरदारी. लोकांनी त्यांचा पक्ष ओळखायची फार खटपट केली. एकदा त्यांनी हिरवा स्वेटर घातला, तर चौकात दिवसभर तोच विषय. माझ्या बहिणीनं, आसिमिनानं, शेवटी ओरडून सांगितलं की लोकर स्वस्त मिळाली होती.

मला हे मुळीच पटायचं नाही. देवानं तोंड दिलंय, त्यात इतका आवाज दिलाय, मग माणसानं आपलं मत सांगावं. मी त्यांना तोंडावर म्हणायचे, "भावोजी, तुम्ही भित्रे आहात. गावात सगळ्यात मोठा आवाज तुमचा, आणि सगळ्यात मोठं मौनही तुमचंच."

ते तिकिटांचा पंच पुसत हसायचे. एकदाच नीट उत्तर दिलं. म्हणाले, "मोर्फे, तुझ्या बापाची खिडकी बंद झालेली मला परवडणार नाही."

खिडकीचं प्रकरण मला ठाऊक होतं. डोंगरातल्या यादवी लढाईच्या वर्षांत भावोजींचे वडील एका बाजूला होते आणि आमचे बाबा दुसऱ्या. आसिमिनानं त्या घरात लग्न केलं, तेव्हापासून बाबा जावयाशी एक शब्द बोलले नव्हते. घरात त्यांचा उल्लेख 'तो कंडक्टर' असाच. पुढे बाबांनी अंथरूण धरलं. त्यांची खोली चौकाकडे. आणि सामन्याच्या दिवशी, कुणाकडे न बघता, ते मला म्हणायचे, "खिडकी उघड, कोंदट झालंय." थंडी असो, वारा असो, त्या दुपारी खोली कोंदट व्हायचीच. कर्ण्यातून आवाज यायला लागला की बाबा डोळे मिटून ऐकायचे, आणि एखाद्या दिवशी पुटपुटायचे, "बरं सांगतो हा." जावई आणि सासरे यांच्यात एवढंच काय ते बोलणं होतं, आणि तेही कर्ण्यामार्फत.

तर त्या साली निवडणूक होती आणि हिरव्यांची घोषणा एका शब्दाची होती: बदल. भिंतीवर बदल, ट्रॅक्टरवर बदल, कित्सोसच्या मांजराच्या गळ्यातसुद्धा हिरवी फीत. निळे तो शब्द तोंडातून काढायचे नाहीत. आखिलेआस गिऱ्हाइकाला सुटे पैसेही 'बदलून' देत नव्हता, 'मोडून' देत होता.

आणि फुटबॉलमध्ये एक खेळाडू बाहेर काढून दुसरा आत घेतात, त्याला आमच्याकडे काय म्हणतात? बदल.

आता आमचा पुढच्या फळीतला खेळाडू होता लाकिस, सरपंच ख्रिसाफिस यांचा पुतण्या. पोरगा दिसायला छान, केस छान, पण चेंडूशी त्याचं जमायचं नाही. सरपंच निळे, टीमचे बूट पंचायतीचे, त्यामुळे लाकिसला बाहेर काढायची कुणाची छाती नव्हती. त्या रविवारी त्यानं रिकाम्या गोलसमोर चेंडू आकाशात धाडला आणि कोचचा संयम सुटला. त्यानं लाकिसला हाताला धरून बाहेर ओढलं आणि तंबाखूवाल्यांच्या झिसिसला आत ढकललं. भावोजीही माणूसच. दोन मोसम हा पोरगा त्यांनी सहन केला होता. त्यांचा आवाज कर्ण्यातून गावभर घुमला:

"बदल! अखेर बदल! किती वर्षं गाव या बदलाची वाट बघत होतं!"

मी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि हातातला डाव खाली ठेवला.  चौकात हिरव्या खुर्च्या एकदम सरकल्या आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. कित्सोसनं सगळ्यांना फुकट कॉफी जाहीर केली, जे त्याच्या लग्नातही घडलं नव्हतं. पलीकडे आखिलेआसनं कर्ण्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्या कर्ण्यालाच लाज वाटावी. त्यानंतर झिसिसनं गोल केला, तो कुणी ऐकलाही नाही.

संध्याकाळी भावोजींची अवस्था अडकित्त्यातल्या सुपारीसारखी झाली. हिरवे घरी आले, खांद्यावर उचलायला निघाले. म्हणाले, शाब्बास, आता पुढच्या सामन्यात स्पष्टच बोल, लपवाछपवी पुरे. ते जातात न जातात तोच सरपंच आले. माइक पंचायतीचा, तो कपाटात असायचा आणि कपाटाची किल्ली सरपंचांच्या कोटाच्या खिशात. त्यांनी ती किल्ली खिशातल्या खिशात खुळखुळवली आणि बजावलं, की मतदानाआधीचा शेवटचा सामना पुढच्याच रविवारी आहे, तो शेजारच्या लिथोखोरी गावाशी आहे, आणि त्यात तो शब्द पुन्हा कानावर आला तर माइक पुन्हा हाती लागणार नाही. भावोजींनी विचारलं, मग खेळाडू बदलला तर काय म्हणू? सरपंच म्हणाले, तो तुझा प्रश्न.

"आणि लाकिस आजारी आहे असं सांगायला हवं होतंस," जाता जाता ते म्हणाले.

त्या आठवड्यात भावोजींनी दोन्हीकडची कॉफी सोडली. गाडीत तिकिटं फाडताना त्यांचे ओठ हलायचे. आसिमिनाला वाटलं, प्रार्थना करतायत. पण ते शब्द शोधत होते. कारण हळूहळू त्यांच्या लक्षात आलं होतं, की बिनधोक शब्द एकही उरलेला नाही. 'उजवीकडून काही होत नाहीये' म्हटलं तर उजव्या विचारांचे निळे चिडणार. 'डावीकडून मुसंडी' म्हटलं तर लाल चांभार उड्या मारणार. 'हिरवळ' म्हणायची सोय नाही, 'निळं आकाश' म्हणायची सोय नाही. 'मधल्या फळीत कुणीच नाही' हे तर मधल्या पक्षाच्या दोन म्हाताऱ्यांना थेट लागलं असतं.

मी म्हटलं, "एकदाचं सांगून टाका ना! म्हणा, माझा पक्ष अमुक, आता सामना ऐका. डोक्याला ताप नाही."

"आणि मग?" ते म्हणाले. "मग मी झिसिसला चांगला म्हटलं, तर कोण मानेल की तो चांगला खेळला? म्हणतील, आपल्या पक्षाचा म्हणून बोलतोय. आणि लाकिसनं चुकून कधी गोल केला, तर त्या पोराची तारीफ मी कोणत्या तोंडानं करू?"



रविवार आला. मैदानाच्या कडेला कापसाचे पुंजके उडत होते, चौकात दोन्हीकडे मुंगीला जागा नव्हती. बाबांनी सांगायच्या आधीच मी खिडकी उघडली. कर्णा खरखरला आणि सामना सुरू झाला. पण तो कसला सामना!

"चेंडू... चर्चच्या अंगाला आहे," कर्णा म्हणाला. "आता तो पिंपरणीच्या झाडाच्या अंगाला चाललाय. तिथून एक मनुष्य त्याला शेळ्यांच्या गोठ्याकडे मारतो. गोठ्याकडून दुसरा मनुष्य घेतो. तो आपला आहे. बहुतेक."

चौकात लोक एकमेकांकडे बघायला लागले. गोठा कुणाच्या गोलामागे? पहिल्या अर्ध्यात आपण चर्चकडे खेळतोय की गोठ्याकडे? आखिलेआसच्या कॉफीघरात मिठाची भांडी आणि फुटाण्यांच्या बश्या मांडून मैदानाचा नकाशा केला गेला. त्यांचं म्हणणं पडलं की आपण हरतोय. समोर कित्सोसकडे आगपेट्यांच्या नकाशात आपण जिंकत होतो. मग निळ्यातल्या एकानं हिरव्यातल्या एकाला ओरडून विचारलं, "काय रे, तुमचा गोठा कुठं धरलाय?" एरवी ते दोघं एकमेकांच्या घरच्या मयतालाही जात नव्हते.

बाबा अंथरुणात वळवळत होते. शेवटी त्यांनी डोळे उघडले आणि काठी पलंगावर आपटली.

"जा गं, जावयाला सांग, नीट बोल म्हणावं. माणसानं मरायच्या आधी एक सामना तरी समजून घ्यावा की नाही?"

मी दारातच थबकले. 'जावई' हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. मग ॲप्रनला हात पुसायचंही भान राहिलं नाही, तशीच धावत सुटले, डोळ्यांत पाणी आणि हातात डाव.

चौकात पोचते तोच कर्णा म्हणाला, "आता असं आहे, की एक जण जातोय. आणि एक येतोय. जो जातोय तो आधी होता. जो येतोय तो आता असेल."

"कोण येतोय?" आखिलेआस ओरडला. त्याच्या ओरडण्याला कारण होतं. त्याचा थोरला, तिलेमाखोस, दोन वर्षं राखीव गोलकीपर म्हणून बाकावर बसून होता. गोलकीपर लंगडतोय हे मघाशी कर्ण्यानंच सांगितलं होतं. म्हणजे आत येणारा आपलाच मुलगा असेल, निदान असावा, असं बापाच्या डोक्यात आलं.

"कोण येतोय, स्तेर्गियो? नाव सांग!" पण कर्ण्याला कान नसतात. कर्णा म्हणाला, "जो आला, त्यानं हातमोजे घातलेत."

आखिलेआसनं ट्रे टेबलावर टाकला आणि कमरेच्या ॲप्रनसकट मैदानाकडे धाव घेतली. इतका जाड माणूस इतका पळू शकतो हे मला तेव्हा कळलं. मी त्याच्या मागे. मैदानावर पोचलो तर भावोजी खुर्चीत बसलेले, घामानं भिजलेले, आणि त्यांच्या मागे सरपंच, हात पाठीशी बांधून उभे. आणि गोलमध्ये खरंच तिलेमाखोस उभा होता, बापाची हातमोज्यांची जोडी घालून, चेहरा पांढराफटक.

आखिलेआसनं एकदा मुलाकडे पाहिलं. मग भावोजींच्या हातातून माइक हिसकावला आणि उभ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला:

"बदल! अरे, बदल झालाय! जुना गोलकीपर बाहेर, माझा तिलेमाखोस आत! बदल!"

निळ्या कॉफीघराचा मालक. ज्यानं सुटे पैसेही मोडून दिले, त्याच्या तोंडून, पंचायतीच्या कर्ण्यावरून, मतदानाला आठवडा असताना.  चौकात जे हसू उसळलं ते मैदानापर्यंत ऐकू आलं. नंतर कळलं की त्या क्षणी निळे जास्त हसले, हिरव्यांतला कित्सोस सगळ्यात कमी, कारण पुन्हा फुकट कॉफी द्यावी लागेल की काय ही त्याला भीती होती.

आखिलेआसला आपण काय बोललो ते कळलं, तसा त्याचा हात खाली आला. मी भावोजींच्या कानाशी वाकून बाबांचा निरोप सांगितला, त्यातल्या त्या एका शब्दासकट. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माइक परत घेतला, घसा खाकरला आणि त्यांच्या बसमधल्या त्या आवाजात म्हणाले:

"मंडळी, ज्याला माझा पक्ष विचारायचाय त्यानं माझ्या ओट्यावर यावं, यंदाची त्सिपुरो दारू चांगली उतरलीय. इथं बसलं की मला चेंडू दिसतो, तेवढंच मी सांगणार. आपण उजवीकडून डावीकडे खेळतोय. एक-एक अशी बरोबरी आहे. आणि बदल झालाय."

पुढचा सामना त्यांनी असा सांगितला की काय सांगू. तिलेमाखोसनं शेवटी शेवटी एक चेंडू छातीवर घेतला, तेव्हा आखिलेआस खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. सामना बरोबरीतच सुटला. पण शिट्टी झाल्यावर सरपंचांनी एक शब्द न बोलता माइक उचलला, कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकून निघून गेले. आम्हाला कळून चुकलं की संपलं. आसिमिना घरी येऊन कांदा चिरत बसली, आणि कांद्याचं निमित्त तिला पुरलं.

सोमवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे होते, फुटाण्यांची बशी घेऊन ओट्यावर निघाले होते, तेवढ्यात फाटकाशी सरपंच दिसले. एकटेच. ते येऊन बसले. भावोजींनी दोन ग्लास भरले. मला वाटलं आता टाळतील, सवयीप्रमाणे हसतील, हवापाण्याचं काही काढतील.

"तू बोलावलंस म्हणून आलो," सरपंच म्हणाले. "सांग. तुझं मत कुणाला?"

"हिरव्यांना," भावोजी म्हणाले. "या खेपेला. तुम्ही रस्त्याचे पैसे चर्चच्या घंटेवर घातलेत, सरपंच, आणि माझी गाडी दर पावसात तिथंच रुतते. तुम्ही माणूस वाईट नाही. पण मत हिरव्यांना."

मी बशी हातात धरून तशीच उभी. इतकी वर्षं ज्यांना मी भित्रे म्हणत आले, त्यांनी ज्याच्या खिशात किल्ली त्याच्याच तोंडावर, त्याचाच ग्लास समोर भरलेला असताना, हे सांगितलं होतं, आणि आवाज जराही चढवला नव्हता.

सरपंचांनी ग्लास उचलला, ठेवला. मिशीला हात लावला. मग म्हणाले, "अरे, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तुम्ही मला कधी विचारलंच नाही, सरपंच," भावोजी म्हणाले. "तुम्ही सगळे माइकला विचारत होता."

आतून आसिमिनाचा आवाज आला, "आणि मला तर अजूनही कुणी विचारलेलं नाही. मी निळी आहे. पंधरा वर्षं. घंटेचा आवाज मला आवडतो."

भावोजींचा ग्लास हातातच राहिला. हे त्यांनाही आत्ताच कळत होतं. सरपंच आधी दाराकडे, मग त्यांच्याकडे बघत राहिले आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाठीवर थोपटलं. जाताना त्यांनी खिशात हात घातला आणि कपाटाची किल्ली फुटाण्यांच्या बशीत ठेवली.

"तुझ्याचकडे असू दे," ते म्हणाले. "पण लाकिसला पुन्हा बाहेर काढलं, तर जरा हळू सांग. त्याची आई ऐकते."